पाचवं इंद्रिय आणि बाराशेचा हेडफोन



आजचा विषय पाहून तुम्हाला वाटेल, हिचं डोकं ठिकाणावर आहे ना? चातुर्मासातल्या भाज्या, आयंबिलचे पदार्थ, पापड-वड्यांची सुकवण असं लिहिणारी बाई एकदम गेम खेळायच्या हेडफोनवर कशी घसरली? पण गेल्या वर्षभरात आमच्या घरात या एका वस्तूवर जेवढी चर्चा झाली, तेवढी नवा फ्रिज घेतानाही झाली नव्हती. त्या चर्चेतून माझं एक मत तयार झालं आहे. पटतंय का बघा.

सुरुवात पर्युषणात झाली. मुलगा अकरावीला आहे. एरवी सामायिकला बस म्हटलं की त्याला अभ्यास आठवतो. पण त्या आठ दिवसांत तो आपणहून बांच्या शेजारी कटासणं टाकून बसायचा. सासूबाईंना आम्ही सगळे बा म्हणतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सामायिक पारलं आणि तो माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. हळूच म्हणाला, "आई, सगळं शांत झालं ना, की माझ्या कानात शिट्टी वाजते."

"कधीपासून?"

"आठ-दहा दिवस झाले असतील. आवाज चालू असला की कळत नाही."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. घरात आवाज चालू असला की कळत नाही, आणि आमच्या घरात आवाज कधी बंदच नसतो. ते अठ्ठेचाळीस मिनिटांचं सामायिक नसतं, तर ही शिट्टी आम्हाला कितीतरी महिने कळली नसती.

डहाणूला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत ऐकण्यात काही कमी आढळलं नाही, हे नशीब. डॉक्टरांनी विचारलं, "इअरफोन लावून काय ऐकतोस?" चिरंजीव खाली मान घालून म्हणाले, "गेम." रोज संध्याकाळी मित्रांबरोबर दोन-अडीच तास, आवाज पूर्ण वर. दोन आठवडे इअरफोन बंद झाले आणि शिट्टी हळूहळू गेली.

मग घरात दोन पक्ष पडले. मुलगा म्हणाला, "मला चांगला हेडफोन घेऊन द्या, बाहेरचा आवाज बंद करणारा, म्हणजे मी आवाज वाढवणार नाही." त्याच्या मित्राकडे सहा-सात हजारांचा बिनवायरचा आहे, तसा त्याला हवा होता. ह्यांचं म्हणणं, "कसला हेडफोन? गेमच बंद." मी मधे. आपल्याकडे अनेकांतवाद शिकवतात खरा, पण तो जेवणाच्या ताटावर पाळणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. दोघांचंही अर्धं बरोबर होतं. हेडफोन घ्यायला हवा होता, पण सहा हजारांचा नाही. आणि बंद करायला हवा होता तो आधी घरातला गोंगाट.

आमचं घर कासा गावात, जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. चारोटी नाक्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग सोडून वळलेले ट्रक आमच्या दारावरून जातात. खाली दुकान, वर घर, आणि घराच्या मागच्या अर्ध्या भागावर पत्रा. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरली की रस्ता रात्रीही जागा असतो. हा बाहेरचा आवाज आपल्या हातात नाही. पण एक दिवस मी वही घेऊन बसले आणि संध्याकाळी पाच ते नऊ घरातल्या घरात काय काय वाजतं ते लिहून काढलं. साडेपाचला मिक्सर, कुकर, भांडी, कारण चौविहार असल्यामुळे सूर्यास्ताच्या आत सगळं उरकायचं असतं. मग दुकानातून वर आलेल्या ह्यांचे फोन, तेही स्पीकरवर. छताचा पंखा खटखट करणारा. आणि सात वाजल्यापासून टीव्ही. टीव्हीचा आवाज एवढा, की खाली दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला महाराज साहेबांचं प्रवचन ऐकू यावं.

टीव्ही एवढा मोठा का? कारण बांना कमी ऐकू येतं. बांना कमी का ऐकू येतं? कारण लग्न होऊन आल्यावर तीसेक वर्षं त्यांनी खालची पिठाची गिरणी सांभाळली. आजूबाजूच्या पाड्यांवरून बायका नागली, तांदूळ दळायला आणायच्या. बा पट्ट्याशेजारी स्टुलावर बसून डबे मोजायच्या, दिवसाचे सहा-सात तास. कानात कापसाचा बोळाही कधी घातला नाही. गिरणी कधीच विकली, आवाज मात्र राहिला. तो आधी बांच्या कानात गेला, तिथून टीव्हीच्या आवाजात, आणि टीव्हीला झाकायला नातवाने इअरफोनचा आवाज वाढवला तेव्हा त्याच्या कानात. घराची एक पिढी ज्याने बहिरी झाली तो आवाज दुसरं रूप घेऊन तिसऱ्या पिढीपर्यंत पोचला होता, आणि आम्ही त्यावर उपाय म्हणून बाजारात हेडफोन शोधत होतो.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं. खोलीत गोंगाट असेल तर हेडफोनच्या आधी खोलीवर काम करा. त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. आम्ही बांची खुर्ची टीव्हीपासून दहा-बारा फुटांवर होती ती तीन-साडेतीन फुटांवर आणली. आवाजाच्या जवळ गेलं की तो जास्त येतो, हे काही शास्त्र वाचून कळायला नको. तरी हिशेब सांगते. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. बंद खोलीत भिंतींमुळे थोडा कमी फरक पडतो, पण पडतो. टीव्हीचा आकडा बत्तीसवरून एकोणीसवर आला आणि बांना पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येऊ लागलं. त्यांचेही कान तपासून घेतले. पंख्याचा कंडेन्सर आणि बेअरिंग बदललं. मिक्सरखाली जुन्या सतरंजीची चौपदरी घडी आली. फोन स्पीकरवर घ्यायचा तर गच्चीत, असं ठरलं; हे ह्यांना सर्वांत जड गेलं. आणि मुलाची खुर्ची खिडकीपासून हलवून गोधड्यांच्या कपाटासमोर आणली. कापूस भरलेल्या गोधड्यांइतकं आवाज गिळणारं दुसरं काही घरात नसतं.

एवढं केल्यावरही ट्रक आहेत, कुकरची शिट्टी आहे, बोलणं आहे. आता हेडफोन.

इथे थोडं डेसिबलचं सांगते, कारण तेच कळलं नाही तर पैसे वाया जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुरक्षित ऐकण्याचं मानक काढलं. त्यात मोठ्यांसाठी ८० आणि मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, अशी मर्यादा सांगितली आहे. यातली गोम अशी, की आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे मुलासाठी ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, आणि ८७ ला आठवडाभरात फक्त अडीच. आमचा पठ्ठ्या एवढी वेळ रोज घालवत होता. उलट बाजूने बघा. हेडफोनने बाहेरचा आवाज नऊ डेसिबलने अडवला आणि आपण आतला आवाज तेवढाच खाली आणला, तर सुरक्षित वेळ आठपट होते. म्हणून गोंगाटाच्या खोलीत हेडफोनचं मुख्य काम आवाज मोठा करणं नाही, बाहेरचा अडवणं आहे. खोक्यावरचं बाकी सगळं दुय्यम.

त्याचे जुने इअरफोन होते कडक प्लास्टिकचे, रबराची टोपी नसलेले. ते कानाच्या तोंडाशी नुसते टेकतात, काही अडवत नाहीत. मग आवाज वाढवण्याशिवाय पर्याय काय? त्याची चूक होतीच, पण त्याच्या हातात दिलेल्या वस्तूचीही होती, आणि ती मीच घेऊन दिली होती.

आता बजेट. मी आधी आकडा ठरवला, मग वस्तू बघितली. आपल्याकडे परिग्रहाचं परिमाण करतात ते असंच करतात. दुकानात उभं राहून मर्यादा ठरवली तर ती मर्यादा राहत नाही. बाराशे रुपये ठरले. त्यातले चारशे मुलाने दिवाळीच्या ओवाळणीतून द्यायचे. तेवढ्यात काय बघायचं, ते मी शिकले तसं सांगते.

पहिलं, कान पूर्ण झाकणारा आणि मागून बंद वाटीचा हेडफोन घ्या. काहींच्या वाटीला मागे जाळी असते. त्यांचा आवाज मोकळा, छान येतो असं म्हणतात, पण त्या जाळीतून बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं बाहेर जातं. शांत खोलीत ते ठीक, आमच्याकडे उपयोग नाही. वाटी कानावर टेकणारी नको, कानाभोवती बसणारी हवी. चष्मा असेल तर चष्मा लावूनच बघा. काडीमुळे गादीला फट पडते आणि सगळी मेहनत तिथून गळते.

दुसरं, वायरचाच घ्या. बिनवायरच्या साध्या हेडफोनला आवाज पोचायला सेकंदाचा दहावा ते पाव भाग उशीर होतो. गाण्याला, प्रवचनाला ते कळत नाही. खेळात पाऊल वाजल्यावर पाव सेकंदाने ऐकू आलं तर मुलं चिडतात आणि पुढचं ऐकायला आवाज वाढवतात. खास खेळासाठी हा उशीर कमी केलेले बिनवायरचे असतात, पण बाराशेत तो पैसा बॅटरीत जातो, आवाजात नाही. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. चार्जिंगची आणखी एक वस्तू कशाला?

तिसरं, खोक्यावरची दोन अक्षरी-तीन अक्षरी नावं नीट वाचा. इथे मी स्वतः फसणार होते. एएनसी म्हणजे आपल्या कानाला येणारा आवाज यंत्राने कमी करणं. ईएनसी म्हणजे आपल्या माइकमधून समोरच्याला जाणारा गोंगाट कमी करणं. स्वस्त वस्तूंवर "नॉइज कॅन्सलेशन" मोठ्या अक्षरांत असतं आणि बारीक अक्षरांत ईएनसी. त्याने मित्राला आपला मिक्सर ऐकू येणार नाही, पण आपल्याला टीव्ही तेवढाच येणार. आणि खरं एएनसी घेतलं तरी ते पंखा, इंजिन अशी एकसारखी खर्जातली घरघर चांगली कमी करतं; माणसांचं बोलणं, हॉर्न, कुकरची शिट्टी यांना ते तेवढं पुरत नाही. त्यांना घट्ट बसणारी गादीच अडवते. आमच्या घरात त्रास बोलण्याचा आणि शिट्ट्यांचा. म्हणजे सहा हजार देऊन आम्ही नेमका नको तो रोग बरा केला असता.

चौथं, "एक्स्ट्रा बेस" आणि "सेव्हन पॉइंट वन" यांना भुलू नका. या खेळात ऐकायचं असतं बारीक, पावलांची चाहूल, गवताची सळसळ. बंदुकीचा धडाका मोठा असतोच. खर्ज वाढवलेल्या हेडफोनमध्ये धडाका पावलांना झाकतो, मग पावलांसाठी आवाज वाढवायचा आणि प्रत्येक गोळीला कानाने मार खायचा. मुलांच्या कानाचं नुकसान होतं ते असं. साधा, समतोल आवाजाचा स्टिरिओ हेडफोन दिशा ओळखायला पुरतो. कमी किमतीतलं "सेव्हन पॉइंट वन" बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचीच करामत असते, आणि तशी सोय विंडोजमध्ये फुकट मिळते. अनेक लॅपटॉपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये "लाउडनेस इक्वलायझेशन" नावाची खूण असते. ती केली की मोठे आवाज आणि बारीक आवाज यांतलं अंतर कमी होतं. पावलं ऐकू येतात आणि गोळी कानठळ्या बसवत नाही.

पाचवं, माइक तोंडाजवळ येणारा, दांडीचा हवा. माइक जितका ओठांजवळ, तितकं मुलाला कमी ओरडावं लागतं. आमच्या घरातला निम्मा गोंगाट त्याच्याच ओरडण्याचा होता, हे वहीत लिहायचं मी विसरले होते. बांनी आठवण केली. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर बोलणं आणि ऐकणं एकाच पिनेतून चालतं, दोनच असतील तर फक्त ऐकू येतं. जुन्या कॉम्प्युटरला दोन वेगळी भोकं असतात, त्यासाठी शे-दीडशेची जोडवायर मिळते. फोनला गोल भोकच नसेल तर टाइप-सीची, आत चिप असलेली जोडपिन घ्यावी.

सहावं आपल्या लोकांसाठी. गादीवर "लेदर" लिहिलेलं असेल तर विचारा. बहुतेक वेळा ते रेक्झिनच असतं, त्याला पीयू म्हणतात. पण काहींवर "प्रोटीन लेदर" असं लिहितात, आणि त्यातलं प्रोटीन कशाचं ते खोक्यावर नसतं. मी ज्यावर स्पष्ट पीयू लिहिलं होतं तोच घेतला. कापडी गादीला घाम कमी येतो, पण आवाज ती थोडा जास्त आत सोडते. आमच्या दमट हवेत रेक्झिन दोन-तीन पावसाळ्यांत सोलपटतं, म्हणून गादी बदलता येते का तेही विचारून घ्या. रोज वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसून ठेवला तर जास्त टिकतो.

कॉस्मिक बाइट, रेडगियर, झेब्रॉनिक्स अशा कंपन्यांचे या जातीचे हेडफोन साधारण या किमतीच्या आसपास मिळतात. मी कुठल्याच एकाचं नाव घेऊन "हाच घ्या" म्हणणार नाही. डोकी आणि कान वेगवेगळे असतात. आणि बाराशेही नसतील, पाचशेच असतील, तर रबरी टोप्यांचा, माइक असलेला, कानात नीट बसणारा वायरचा इअरफोन घ्या. टोपी मापाची असली तर तो मोठ्या हेडफोनइतकाच, कधी जास्तच गोंगाट अडवतो. फक्त तो तासन् तास ठेवू नये, आणि टोप्या धुवाव्यात.

हेडफोन आला त्या दिवशी एक गोष्ट केली, ती तुम्हीही करा. पहाटे, बा उठायच्या आधी, घर शांत असताना मुलाला खेळ चालू करायला सांगितला आणि पावलं जेमतेम नीट ऐकू येतील एवढाच आवाज ठेवायला लावला. तो आकडा कागदावर लिहून कपाटावर चिकटवला. दिवसा, संध्याकाळी, कधीही त्याच्या वर जायचं नाही. त्या आकड्यावर ऐकू येत नसेल तर घरात गोंगाट जास्त आहे असं समजायचं, आणि मग त्याने आवाज न वाढवता आम्हाला सांगायचं. आता तो खोलीतून ओरडतो, "आई, कागद ओलांडायला लागेल!" की आम्ही काय वाजतंय ते बघतो. जबाबदारी वाटली गेली.

पण मैत्रिणींनो, ह्यांचा प्रश्न शिल्लक आहे. हिंसेचा खेळ खेळायला हेडफोन घेऊन देणारी मी कसली श्राविका?

हा प्रश्न मी टाळत नाही. माझं माहेर सांगलीकडचं, दिगंबर. लहानपणी पाठशाळेत रत्नकरंड श्रावकाचारातले अनर्थदंडाचे पाच प्रकार पाठ करून घेतले होते. त्यात एक आहे दुःश्रुती, म्हणजे मन बिघडवणारं ऐकणं. आणि यशोधर राजाची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याने खरा कोंबडा मारला नाही, पिठाचा करून बळी दिला, तरी त्याला आणि त्याच्या आईला कितीतरी जन्म पशुयोनीत फिरावं लागलं. पुष्पदंतांनी दहाव्या शतकात 'जसहरचरिउ' लिहिलं ते यावरच. "खोटीच तर माणसं मारतो" असं मुलगा म्हणाला तेव्हा मी त्याला हा पिठाचा कोंबडा सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आई, राजाला मारायचं होतं. मला जिंकायचं असतं." मला लगेच उत्तर सुचलं नाही. भाव कोणता, हे शेवटी ज्याचं त्यालाच तपासावं लागतं.

बंदी घालायची म्हणाल, तर सरकारने २०२० च्या सप्टेंबरात पब्जी बंद केला. २०२१ च्या जुलैत तसाच बीजीएमआय आला. २०२२ मध्ये तोही फोनच्या दुकानातून काढला गेला आणि २०२३ मध्ये परत आला. या सगळ्या काळात मुलं खेळायची थांबली नाहीत. मी बंद केला असता तर तो मित्राच्या घरी, मित्राच्या इअरफोनवर, मित्राच्या आवाजात खेळला असता. आणि कानात शिट्टी वाजली असती तर मला येऊन सांगितलं नसतं. मला ते सांगणं जास्त मोलाचं वाटतं.

म्हणून हेडफोनबरोबर तीन अटी आल्या. एका वेळी एकच सामायिक, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. त्या खेळात अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे, पण ती कंपनीची, ही घरची. बा सामायिकला बसल्या की खेळ बंद, कारण हेडफोन घातलेला माणूस तोंडाने किती ओरडतो हे त्याला स्वतःला कळत नाही. आणि रविवारी एक डाव हेडफोनशिवाय, स्पीकरवर, मी शेजारी बसलेली असताना. हेडफोनचा खरा धोका मला हा वाटतो, की तो घरच्यांचेही कान बंद करतो. मुलाच्या कानात काय जातंय हे आईला कळेनासं होतं. रविवारी मी भाजी निवडत ऐकते. काही शब्दांवर माझी मान वर होते, आणि पुढच्या रविवारी ते शब्द कमी झालेले असतात.

आपल्या जीवविचारात इंद्रियं एकेक करून मिळतात. पृथ्वी, पाणी, झाड यांना फक्त स्पर्श. कृमीला चव मिळते, मुंगीला गंध, माशीला, विंचवाला डोळे. कान सगळ्यांत शेवटी. श्रोत्रेंद्रिय मिळालं की जीव पंचेंद्रिय झाला, आणि तेव्हाच त्याला धर्म ऐकता येतो. डॉक्टरांनी दुसऱ्या भाषेत हेच सांगितलं. कानाच्या आत शंखाच्या आकाराचा भाग असतो, त्यात केसासारख्या टोकांच्या साधारण पंधरा-सोळा हजार पेशी जन्मतः मिळतात, आणि माणसात एकदा मेलेली पेशी परत उगवत नाही. कितीतरी जन्मांनी मिळालेलं, आणि या जन्मात दुसऱ्यांदा न मिळणारं. आपण जमीकंद टाळतो, पाणी गाळतो, मग एवढी दुर्मिळ वस्तू आवाजाच्या बटणावर कशी उधळतो?

आता पाऊस लागला आहे. पत्र्यावर सर आली की एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नाही, आणि कुठलाच हेडफोन त्याला पुरा पडत नाही. त्यासाठी चौथी अट मुलाने स्वतःच घातली, की पत्रा वाजायला लागला की खेळ बंद. काल संध्याकाळी तसंच झालं. तो हेडफोन काढून बाहेर आला आणि बांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसला. बांनी टीव्ही बंद केला. पत्र्याचा एवढा आवाज त्यांनाही येत होता. अर्धा तास कोणी काही बोललं नाही.

कोणाला माझं मत पटलं नसेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.